रविवारचे विहार, रविवारचे चर्च आणि आपले प्रश्न



आमच्या अभ्यासगटात गेले काही महिने एकच वाद पुन्हा पुन्हा निघतो. दर रविवारी विहारात जमून सामूहिक वंदना घ्यायची आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करायचे, याची आजच्या तरुणांना गरज आहे का? नको म्हणणाऱ्यांच्या दोन फळ्या आहेत. पहिली म्हणते, ही ख्रिस्ती लोकांची नक्कल आहे. रविवार त्यांचा, प्रवचन त्यांचे, आपण ते कशाला उचलायचे? दुसरी म्हणते, गाथा म्हणून नोकरी मिळत नाही आणि ठेकेदारी कामगाराला किमान वेतनही मिळत नाही. तेवढा वेळ संघटनेला द्या. दोन्हीकडे आमचे जवळचे, प्रामाणिक कार्यकर्ते आहेत. म्हणून त्यांना उडवून लावण्याऐवजी आम्ही एक उदाहरण तपासायचे ठरवले. ज्यांची नक्कल केल्याचा आरोप आहे त्यांच्याकडे रविवारी नेमके काय होते? त्यातून त्यांना काय मिळाले आणि काय मिळाले नाही?

उदाहरण आहे आंध्रातील लुथरन चर्चचे. घुग्घुसच्या लेखात गुंटूर कुठून आले, असे कोणी विचारेल. घुग्घुस हे कोळशावर वाढलेले गाव. वेकोलिच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, स्पंज आयर्नची भट्टी. इथल्या कामगार वस्त्यांत मराठी बौद्ध, गोंड, छत्तीसगढी, बिहार-उत्तर प्रदेशचे आणि तेलुगू कुटुंबे एकाच नळावर पाणी भरत मोठी झाली. तेलुगू कुटुंबांतले बरेच जण माला आणि मादिगा, म्हणजे आपल्यासारखेच गावकुसाबाहेरचे. त्यांतल्या कितीतरी घरांत भिंतीवर येशूचे कॅलेंडर असते आणि शेजारीच बाबासाहेबांचा फोटो. अशाच एका मित्राचे मूळ गाव गुंटूर जिल्ह्यात आहे. त्याच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही चौघे गेलो होतो. मध्ये रविवार आला आणि आम्ही त्याच्यासोबत त्यांच्या चर्चमध्ये जाऊन बसलो.

चर्चमधले दोन तास

चपला बाहेर, सतरंजीवर बैठक, बाया एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन, पुरुष दुसऱ्या बाजूला. भाषा तेलुगू, त्यामुळे मित्र कानाशी हळूच सांगत होता. आधी सर्वांनी मिळून पापांची कबुली दिली आणि पास्टरने क्षमेची घोषणा केली. मग बायबलमधले तीन उतारे वाचले गेले : एक जुन्या करारातला, एक पत्रांमधला, एक शुभवर्तमानातला. पहिला उतारा वाचला दहावीतल्या एका मुलीने, दुसरा एका रिक्षाचालकाने. त्यानंतर पास्टरचे प्रवचन, मग सर्वांनी एका सुरात म्हटलेला मतांगीकार, गावातल्या आजारी माणसांची नावे घेऊन प्रार्थना, दानाची थैली, आणि शेवटी मागच्या महिन्याचा जमाखर्च. किती आले, किती विजेच्या बिलात गेले, कोणाच्या अंत्यविधीला किती दिले, हे उभे राहून वाचून दाखवले.

आम्हाला सर्वात जास्त लक्षात राहिले ते उताऱ्यांचे गणित. कोणत्या रविवारी कोणते उतारे वाचायचे हे पास्टर स्वतःच्या मर्जीने ठरवत नाही. त्यासाठी पाठांचे ठरलेले वेळापत्रक असते. जगातल्या बऱ्याच चर्चमध्ये आज हे चक्र तीन वर्षांचे आहे. त्यामुळे आवडीचा भाग दहा वेळा आणि अडचणीचा भाग एकदाही नाही, असे सहसा होत नाही. ज्या म्हातारीला अक्षरओळख नाही तिलाही वर्षानुवर्षे ऐकून अख्खे अध्याय पाठ झालेले असतात.

आता आपल्याकडे पाहा. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विदर्भातल्या विहाराविहारांत ग्रंथवाचन चालते. पांढऱ्या साड्या नेसून माता-भगिनी दिवसभराच्या कामानंतर येतात. समाप्तीला खीरदान होते, भोजनदान होते. ही परंपरा मोठी आहे आणि ती जिवंत ठेवली आहे ती मुख्यतः बायांनी, हे तरुणांनी विसरू नये. पण वर्षावास संपला की उरलेले नऊ महिने ग्रंथ कपाटात आणि कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या घरी, अशी कितीतरी विहारांची स्थिती आहे.

म्हणजे शिकण्यासारखे आहे. तरीही एक गोष्ट आम्हाला खटकत होती. दोन तासांत एकाही माणसाने एकही प्रश्न विचारला नाही. बाहेर आल्यावर आम्ही मित्राला तसे म्हटले. तो म्हणाला, “विचारायचं कुणाला? पास्टरगारू सांगतात, आम्ही ऐकतो.” आणि लगेच त्याने उलटा प्रश्न टाकला : “आणि तुमच्या विहारात कोण विचारतं?”

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

लोकांच्या हाती ग्रंथ दिला, आणि पुढे?

लुथरन हे नाव ज्याच्यावरून आले तो मार्टिन लुथर जर्मनीतला मठवासी आणि विद्यापीठातला अध्यापक. ३१ ऑक्टोबर १५१७ ला त्याने पोपच्या पापक्षमा-पत्रांच्या व्यापाराविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. पुढे १५२२ मध्ये नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. तोवर चर्चमध्ये ग्रंथ मुख्यतः लॅटिनमध्ये होता आणि अर्थ सांगण्याचा अधिकार धर्मगुरूंचा होता. संस्कृत आणि भटजी यांचे नाते ज्यांना माहीत आहे त्यांना या घटनेचे मोल वेगळे सांगायला नको. १५२९ मध्ये त्याने एक छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. दहा आज्ञा घ्या किंवा प्रार्थना घ्या, प्रत्येक कलमाखाली ‘याचा अर्थ काय’ अशा धर्तीचा प्रश्न आणि त्याच्याखाली उत्तर. घरातल्या कर्त्याने ती मुलाबाळांना आणि नोकरचाकरांना शिकवावी, अशी योजना. आजही लुथरन मुले दृढीकरणाआधी ती पाठ करतात.

प्रश्न आहे, पण उत्तरही आधीच छापलेले आहे. यातली मेख १५२५ मध्ये दिसली. जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी तोच ग्रंथ हातात घेऊन आपल्या १२ मागण्या लिहिल्या. भूदासपण रद्द करा. आमचा धर्मगुरू आम्हाला निवडू द्या आणि नालायक निघाला तर काढू द्या. जंगलातले लाकूड, नदीतले मासे, शिकार यांवर गावाचा हक्क परत करा. गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाला ही मागणी ओळखीची वाटेल. निस्तार हक्कासाठी आणि २००६ च्या वनहक्क कायद्यासाठी आपले आदिवासी बांधव हेच तर मागत आले. या शेतकऱ्यांनी ग्रंथ वाचून स्वतःचा प्रश्न विचारला होता. लुथरने आधी दोन्ही बाजूंना समजुतीचे चार शब्द सांगितले आणि उठाव पेटल्यावर राजेरजवाड्यांना शेतकऱ्यांचा निर्दयपणे बीमोड करायला सांगणारी पुस्तिका लिहिली. हजारोंच्या संख्येने शेतकरी कापले गेले. आत्मा मुक्त आहे, पण शरीर मालकाचे आहे, असा त्या शिकवणुकीचा व्यवहारात अर्थ निघाला.

हीच गोष्ट भारतात जातीच्या बाबतीत झाली. ९ जुलै १७०६ ला झिगेनबाल्ग हा लुथरन मिशनरी तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला उतरला. त्याने तमिळमध्ये नवा करार आणला, शाळा काढल्या, मुलींना शिकवले. पण चर्चमध्ये शूद्र आणि परैयर वेगळे बसत राहिले. १७३३ मध्ये आरोन हा पहिला भारतीय लुथरन पास्टर झाला, तो वेल्लाळर होता. राजनायकन हा परैयर धर्मशिक्षक तोलामोलाचा होता, पण त्याला दीक्षित पास्टर केले नाही. कारण वरच्या जातीचे ख्रिस्ती त्याच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत, अशी भीती होती. पुढे एकोणिसाव्या शतकात लाइपझिग मिशनच्या लोकांनी जात ही सामाजिक प्रथा आहे, धर्माचा विषय नाही, असा युक्तिवाद करून तिला चर्चमध्ये राहू दिले. आंध्रात १८४२ मध्ये फादर हायर गुंटूरला आले. त्यांच्या मागून माला आणि मादिगा हजारोंनी ख्रिस्ती झाले आणि १९२७ मध्ये आंध्र इव्हँजेलिकल लुथरन चर्च उभे राहिले. शाळा, दवाखाने, परिचारिका, शिक्षक तयार झाले. हे उपकार कोणी नाकारू नयेत. पण माला-मादिगा ही भिंत चर्चच्या आत आली, ती आजही पडलेली नाही.

बाबासाहेबांनी काय पाहिले?

१ जानेवारी १९३८ ला सोलापूरला भारतीय ख्रिस्ती समाजापुढे बाबासाहेब बोलले. येवल्याच्या घोषणेला दोन वर्षे उलटली होती. बौद्ध आणि ख्रिस्ती या दोन धर्मांकडे आपले मन झुकते, असे त्यांनी तिथे मोकळेपणाने सांगितले. पण त्याच भाषणात त्यांनी दोन गोष्टी सुनावल्या : दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते, आणि एक समाज म्हणून भारतीय ख्रिस्ती सामाजिक अन्यायाविरुद्ध लढलेले नाहीत.

धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी पुढे जे लिहून ठेवले त्यात याचे कारणही शोधले आहे. अस्पृश्याला आधी सांगितले जाते की तुझी अवस्था तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्माने झाली. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले जाते की माणसाचे पतन पापामुळे झाले. दोन्ही ठिकाणी दोष त्याच्या आत शोधला जातो आणि भोवतालची व्यवस्था सुटून जाते. भोवतालची परिस्थिती आपल्याला खाली दाबते आहे, हे ज्याला कोणी सांगितलेच नाही तो ती बदलायला उठणार कसा? म्हणून त्या रविवारी पापांची कबुली ऐकताना आमच्या मनात आले : या मजुरांनी कोणाचे काय केले? कबुली द्यायची तर ज्यांच्या शेतावर ते राबतात त्यांनी द्यावी.

पण बाबासाहेबांचे वाक्य पुढे करून शेजाऱ्याला हिणवणे सोपे आहे. त्यांच्या नंतरचा इतिहासही पाहिला पाहिजे. १७ जुलै १९८५ ला प्रकाशम जिल्ह्यातल्या कारमचेडूत जमीनदारांनी मादिगा वस्तीवर हल्ला केला. ६ माणसे मारली, बायांवर अत्याचार केले. वाचलेले लोक पळाले ते चिराल्याला, आणि तिथे चर्चच्या आवारात त्यांची छावणी पडली. त्या छावणीभोवती आंदोलन उभे राहिले आणि त्यातून कत्ती पद्मराव, बोज्जा तारकम यांच्या नेतृत्वाची दलित महासभा जन्मली, बाबासाहेबांचे नाव घेत. ६ ऑगस्ट १९९१ ला गुंटूर जिल्ह्यात चुंडूर घडले, ८ दलित मारले गेले. तेव्हा हीच चळवळ उभी ठाकली.

दुसऱ्या फळीतल्या मित्रांनी इथे थांबून विचार करावा. संकटात माणूस कुठे धावतो? जिथे त्याचे जाणे-येणे असते तिथे. जिथे दर आठवड्याला दार उघडते, जिथल्या माणसांना त्याचे नाव ठाऊक असते. संघटना मोर्चाच्या दिवशी उभी राहत नाही. ती मोर्चाच्या आधीच्या पन्नास रविवारी उभी राहते.

कागदावरचा धर्म

त्या मित्राबद्दल आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे, कारण ती आपल्याशी जोडलेली आहे. तो रविवारी ख्रिस्ती आहे आणि कागदावर हिंदू. त्याच्यासारखे लाखो आहेत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा, अशी शिफारस केली. ती पडून राहिली. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पास्टरचे ॲट्रॉसिटीचे प्रकरण रद्द केले. कारण काय, तर ख्रिस्ती झाल्यावर त्याला अनुसूचित जातीचे संरक्षण राहत नाही. शिवी देणारा जात पाहून शिवी देतो आणि कायदा धर्म पाहून दार लावतो.

१९५६ ते १९९० ही ३४ वर्षे केंद्राच्या सवलतींबाबत आपले हेच झाले. कागदावर ‘महार’ लिहायचे की ‘बौद्ध’, यावर घरोघरी वाद झाले. धम्म घेतला म्हणून शिक्षा भोगलेल्या समाजाने, आज तीच शिक्षा भोगणाऱ्या शेजाऱ्याला ‘तुमचा प्रश्न तुम्ही पाहा’ म्हणू नये. आरक्षणाचा वाटा कमी होईल या भीतीपोटी तर मुळीच म्हणू नये. वाटा वाढवून मागण्याची लढाई वेगळी आहे आणि ती एकत्र लढता येते.

बाबासाहेबांनी रविवार कसा कल्पिला होता?

आता पहिल्या फळीकडे वळू. रविवार ख्रिस्त्यांचा? कामगारांच्या वस्तीत राहून हे म्हणणे शोभत नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना घेऊन वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. रविवार जोतीरावांच्या अनुयायाने कमावला आहे. तो आपलाच आहे.

आणि नकलेचे म्हणाल तर बाबासाहेबांनी इतर धर्मांच्या संघटनेचा डोळसपणे अभ्यास केला होता. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकातल्या लेखात त्यांनी बौद्ध धम्माच्या प्रसारासाठी तीन गोष्टी मागितल्या : बायबलसारखा एक सुटसुटीत बौद्ध ग्रंथ, भिक्खू संघाच्या रचनेत आणि ध्येयात बदल, आणि जागतिक बौद्ध मिशन. १९५४ मध्ये बर्मातल्या बुद्ध शासन कौन्सिलला दिलेल्या आराखड्यात त्यांनी गृहस्थ प्रचारकांची फळी मागितली. हे प्रचारक संसारी असतील, त्यांना मानधन असेल, ते गावोगाव जातील आणि दीक्षा घेतलेले लोक धम्माप्रमाणे चालतात का हे पाहतील. ४ मे १९५५ ला भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, आणि १६ ऑक्टोबरला आपले चंद्रपूर. राजाभाऊ खोब्रागडेंच्या पुढाकाराने चांद्यात दीक्षा सोहळा झाला. आमच्या आज्या-आजोबांच्या पिढीतली माणसे बैलबंड्या जुंपून, पायी चालून तिथे पोहोचली होती. त्यानंतर दोन महिनेही बाबासाहेब आपल्यात राहिले नाहीत. गृहस्थ प्रचारकांचे काम करणारी यंत्रणा उभारायला त्यांना वेळ मिळाला नाही. ते काम आपल्या वाट्याला आले.

त्यांनी दिलेला ग्रंथ मात्र नीट उघडून पाहा. आठ खंडांच्या या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी चार कोडी मांडली आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? म्हातारा, रोगी आणि प्रेत पहिल्यांदाच पाहिले म्हणून, हे परंपरेचे उत्तर २९ वर्षांच्या माणसाबाबत पटते का? चार आर्यसत्ये मूळ शिकवणुकीतली आहेत की नंतरची, आणि ती धम्माला निराशावादी करतात का? आत्मा नाकारला तर कर्म आणि पुनर्जन्म कसे बसतात? आणि भिक्खू कशासाठी, स्वतःच्या पूर्णत्वासाठी की समाजाच्या सेवेसाठी? ग्रंथात पुढे त्यांनी आपली उत्तरे दिली आहेतच. पण प्रश्न आधी मांडले, आणि ते मांडताना वाचकांनी वादात उतरावे अशी अपेक्षा ठेवली. जगातल्या किती धर्मग्रंथांची सुरुवात परंपरेला विचारलेल्या प्रश्नांनी होते?

इथेच आपला रविवार चर्चच्या रविवारापासून वेगळा होतो, किंवा व्हायला हवा. सुरुवात प्रश्नांनी करणारा ग्रंथ आपण हात जोडून, डोळे मिटून, शेवटी फक्त ‘साधु साधु साधु’ म्हणून ऐकला तर वंदना उरते, धम्म उरत नाही. कालामांना बुद्धांनी काय सांगितले ते भाषणात सांगायचे आणि विहारात प्रश्न विचारणाऱ्या पोराला ‘बस खाली’ म्हणायचे, हे चालणार नाही.

आम्ही काय करायचे ठरवले आहे

एक. वंदना अर्धा तास. त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा, त्याही अर्थासह.

दोन. वर्षभराचे वाचनाचे वेळापत्रक. आठही खंड क्रमाने, एकही भाग न गाळता. वाचणारा दर आठवड्याला वेगळा. बाया आणि शाळकरी मुले आधी.

तीन. वाचन पाऊण तास, प्रश्न पाऊण तास. प्रवचनकाराला मधेच थांबवता येईल. उत्तर नसेल तर प्रश्न वहीत लिहायचा आणि पुढच्या रविवारी त्यानेच सुरुवात करायची.

चार. वस्तीचा एक प्रश्न दर आठवड्याला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गडप झाले. जमिनीखालचा कोळसा कोणी काढला आणि वर कोणाला राहावे लागते, हा धम्माचा प्रश्न नाही असे ज्याला वाटते त्याने दुःखाचे कारण शोधण्याच्या गोष्टी करू नयेत. धूळ, ठेकेदारी, जातपडताळणी, शिष्यवृत्ती, सगळे इथे यावे.

पाच. जमाखर्च महिन्याला उभे राहून वाचायचा.

सहा. वेळ ठरवताना खाणीतल्या पाळ्या पाहायच्या. रविवारच्या ड्यूटीला जादा पगार मिळतो, म्हणून पुरुष कामावर जातात. त्यांना दोष न देता संध्याकाळची दुसरी बैठक ठेवायची.

आणि शेवटचे. महिन्यातला एक रविवार शेजाऱ्यांसाठी. माला-मादिगा कुटुंबे येतील, गोंड बांधव येतील. त्यांचा देव सोडा म्हणायला आम्ही बोलावणार नाही. तिसरा परिच्छेद, वनहक्क आणि खाणीतली नोकरी यांवर एकत्र बसायला बोलावणार आहोत. त्यांनी आपल्या ग्रंथाला प्रश्न विचारावेत, आपण त्यांच्या ग्रंथाला विचारू. गुंटूरच्या त्या मित्राला पहिले निमंत्रण गेले आहे. तो म्हणाला, सकाळी चर्च आहे, संध्याकाळी येतो.

तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात रविवारी काय होते ते कळवा. विहाराला कुलूप असेल तर आधी किल्ली मागा.

जयभीम! नमो बुद्धाय!